क्लिनोस्टॅट गुरुत्व घालवत नाही, त्याची दिशा घालवतो: दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या प्रयोगशाळेत गेली दोन वर्षे टेबलावर मावणारा एक दुहेरी चौकटीचा क्लिनोस्टॅट, म्हणजे नमुना सतत फिरवून त्याच्यावरील गुरुत्वाची दिशा बदलत ठेवणारे यंत्र, जवळपास अखंड फिरतो आहे. रोपांची मुळे, हाडांच्या पेशी आणि अधूनमधून पदार्थविज्ञानातील सहकाऱ्यांचे नमुने अशा तिन्ही प्रकारच्या कामांसाठी तो वापरून झाल्यावर त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. अशी यंत्रे ज्या शब्दांत विकली जातात आणि ती प्रत्यक्षात जे करतात त्यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर समजून न घेता यंत्र विकत घेतले तर प्रामाणिकपणे केलेले वर्षभराचे कामही चुकीच्या निष्कर्षावर जाऊन थांबते. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष या वर्गातील कोणत्याही यंत्राला कमीअधिक प्रमाणात लागू पडतात.

यंत्राची रचना साधी आहे. बाहेरची एक चौकट आडव्या आसाभोवती फिरते, तिच्या आत दुसरी चौकट पहिलीशी काटकोनात असलेल्या आसाभोवती फिरते आणि आतल्या चौकटीच्या मध्यभागी नमुना ठेवण्याचा छोटा मंच असतो. दोन्ही चौकटींना स्वतंत्र मोटार आहे आणि आतल्या मोटारीला तसेच मंचावरच्या संवेदकाला वीज पोचवण्यासाठी स्लिप रिंग आहे. एकच चौकट ठरावीक वेगाने फिरवली की तो जुन्या पद्धतीचा एका आसाचा क्लिनोस्टॅट होतो, आणि दोन्ही चौकटी सतत बदलत्या वेगाने व दिशेने फिरवल्या की त्याला रँडम पोझिशनिंग मशीन म्हणतात. संपूर्ण यंत्र पेशीसंवर्धनाच्या नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये मावते आणि नियंत्रणपेटी बाहेर राहते. घडण भक्कम आहे, चौकटी हलक्या धातूच्या आहेत, आवाज जवळपास नाही आणि मंचावर नमुना घट्ट बसवण्यासाठी दिलेले स्क्रू हातमोजे घातलेल्या हातांनीही नीट फिरवता येतात. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण निर्जंतुक कपाटात काम करणाऱ्याला तिचे मोल कळते.

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर हे यंत्र ‘सूक्ष्मगुरुत्व निर्माण करते’ असे छापलेले आहे. हे विधान चुकीचे आहे. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळस्थानकातही पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. तिथल्या वस्तू तरंगतात त्या गुरुत्व नाहीसे झाल्यामुळे नव्हे, तर स्थानक, अंतराळवीर, पाण्याचा थेंब आणि पेशी हे सारे एकाच त्वरणाने सतत पृथ्वीकडे पडत असल्यामुळे. तिथे कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूवर भार टाकत नाही. टेबलावरच्या यंत्रात असे काही घडत नाही. नमुना चौकटीवर टेकलेला असतो, चौकट पायावर आणि पाया टेबलावर, म्हणजे भार प्रत्येक क्षणी पूर्ण असतो. बदलत राहते ती फक्त त्या भाराची नमुन्याच्या दृष्टीने दिशा, आणि पुरेसा काळ लोटला की सर्व दिशांची बेरीज शून्याजवळ येते. जी सजीव यंत्रणा गुरुत्वाची दिशा ओळखायला काही काळ घेते तिला ती दिशा निश्चित करायला उसंतच मिळू नये, एवढेच हे यंत्र साधते. एवढ्याचेही मोल मोठे आहे, पण त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखले पाहिजे. २०१३ मध्ये ॲस्ट्रोबायॉलॉजी या नियतकालिकात जमिनीवरच्या अशा साधनांचा तपशीलवार आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यातही अशा प्रयोगांसाठी ‘सूक्ष्मगुरुत्व’ असे सरळ न म्हणता ‘सूक्ष्मगुरुत्वाची नक्कल’ असे म्हणण्याची शिफारस आहे. माहितीपत्रक लिहिणाऱ्यांनी ती पाळायला हवी होती.

या फरकाची जाणीव आम्हाला पहिल्याच आठवड्यात झाली. नियंत्रणपेटीच्या पडद्यावर एक मोठा आकडा सतत दिसतो आणि यंत्र सुरू केल्यावर तो भराभर कमी होत जातो: आधी ०.२, मग ०.०५, तासाभरात ०.०१ आणि रात्रभरानंतर ०.००१ च्या आसपास. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला तो पाहून असे वाटते की आतले गुरुत्व हळूहळू विरत चालले आहे. आम्ही मंचावर आमचा स्वतःचा एक छोटा त्वरणमापक बसवला आणि तासाभराची नोंद काढली. तिन्ही अक्षांवरचे आकडे लाटांसारखे वरखाली होत होते, पण त्यांच्यापासून काढलेले एकूण परिमाण पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकच होते: १ जी, म्हणजे जमिनीवरच्या नेहमीच्या गुरुत्वाइतके. पडद्यावरचा आकडा म्हणजे यंत्र सुरू झाल्यापासूनच्या सर्व दिशांची सरासरी, आणि ती कालावधी वाढेल तशी कमी होणारच. पेशीला मात्र काल रात्रीपासूनची सरासरी जाणवत नसते. तिला गेल्या काही सेकंदांत किंवा मिनिटांत काय झाले ते जाणवते. म्हणून हा आकडा इतक्या ठळकपणे दाखवणे मला अनुचित वाटते. त्याऐवजी वापरणाऱ्याने निवडलेल्या कालखंडाची, म्हणजे एका मिनिटाची किंवा दहा मिनिटांची सरासरी दाखवली असती तर यंत्र अधिक उपयोगी आणि अधिक प्रामाणिक झाले असते. कच्चे आकडे यंत्रात साठतात, पण सुरुवातीला ते देखभालीच्या वेगळ्या सूचीत दडवलेले होते; आम्ही दोनदा लिहिल्यानंतर आलेल्या सुधारित आवृत्तीत ते साध्या तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येऊ लागले.

वनस्पतींच्या प्रयोगांकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण आमची सर्वांत बोधप्रद चूक त्याच्याशी जोडलेली आहे. थॉमस अँड्र्यू नाइट यांनी १८०६ मध्ये पाण्याच्या प्रवाहावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या आणि उगवलेली मुळे चाकाच्या बाहेरच्या दिशेला, तर कोंब आसाच्या दिशेला वळलेले दाखवून दिले. झाडाला खाली आणि वर कळते ते बलाच्या दिशेवरून, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे त्याच शतकात युलियस झाक्स यांनी हळू फिरणारा क्लिनोस्टॅट वापरून उलट प्रश्न विचारला: बल तेवढेच ठेवून दिशा सतत बदलली तर काय होते? या दोन प्रयोगांमधला फरक मुख्यतः वेगाचा आहे. चाक वेगाने फिरवले की केंद्रोत्सारी, म्हणजे आसापासून बाहेर ढकलणारे, बल वरचढ ठरते आणि सावकाश फिरवले की ते नगण्य राहते.

यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत रोपांसाठी एका आसावर मिनिटाला ६० फेऱ्यांचा वेग सुचवला होता. आम्ही तो जसाच्या तसा स्वीकारला, ९ सेंटिमीटर व्यासाच्या बशीत आगर ओतून त्यावर अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या प्रायोगिक वनस्पतीचे बी मध्यापासून कडेपर्यंत ओळीने पेरले आणि बशी आसाच्या बरोबर मध्यावर बसवली. पाचव्या दिवशी बशी उजेडाकडे धरली तेव्हा मध्यातील चारपाच रोपांची मुळे वाट चुकल्यासारखी इकडेतिकडे वळलेली होती आणि कडेची सर्व मुळे चाकाच्या आऱ्यांसारखी सरळ बाहेर गेली होती. दोनशे वर्षांपूर्वीचा नाइट यांचा प्रयोगच आम्ही नकळत पुन्हा केला होता. हिशेब केला तेव्हा कारण समोर आले. मिनिटाला ६० फेऱ्या असताना आसापासून ४ सेंटिमीटर अंतरावर केंद्रोत्सारी त्वरण सुमारे ०.१६ जी भरते, म्हणजे जवळपास चंद्राच्या पृष्ठभागावरच्या गुरुत्वाइतके. मुळाला दिशा कळायला त्याहून पुष्कळ कमी बल पुरते. इतका वेग योग्य ठरतो तो अगदी अरुंद नळीसाठी. आसापासून २ मिलिमीटर अंतरावर हेच त्वरण ०.००८ जी इतके खाली येते, आणि म्हणूनच वेगवान क्लिनोस्टॅटमध्ये काही मिलिमीटर व्यासाच्या नळ्या वापरतात. बशीसाठी मात्र आम्ही वेग मिनिटाला २ फेऱ्यांवर आणला. वेग ३० पट घटला की त्वरण ९०० पट घटते, त्यामुळे कडेलाही ते दहा हजारात दोन भागांच्या आत राहिले. पुस्तिकेतील तक्त्यात वेगाशेजारी नमुन्याची त्रिज्या दिलेली नाही, ही या संपूर्ण उत्पादनातली माझ्या मते सर्वांत गंभीर उणीव आहे, कारण त्रिज्येशिवाय वेगाला काही अर्थच उरत नाही.

कमी वेगावर यंत्राने उत्तम काम केले. मुळाच्या टोकावरील टोपीत काही विशिष्ट पेशी असतात आणि त्यांच्यातील पिष्टाने भरलेले जड कण पेशीच्या तळाशी बसतात. त्यांच्या बसण्यावरून मुळाला खालची दिशा कळते. स्थिर ठेवलेल्या रोपांची टोके आयोडिनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर प्रत्येक पेशीच्या तळाशी काळसर दाण्यांची एक ओळ दिसते. क्लिनोस्टॅटवर वाढलेल्या रोपांत ते दाणे पेशीभर विखुरलेले दिसले, आणि विखुरलेपण व मुळाच्या दिशाहीन वाढीचा संबंध विद्यार्थ्यांना एकाच काचपट्टीवर दाखवता आला. शिकवण्यासाठी याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

तरीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अंतराळस्थानकावर वाढवलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या मुळांच्या अभ्यासात, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुळांची तिरकी आणि नागमोडी वाढ वजनरहित अवस्थेतही दिसून आली. त्यापूर्वी त्या नागमोडीपणाला गुरुत्व आवश्यक आहे असा समज होता. म्हणजे मुळाच्या वर्तनातील एखादी गोष्ट गुरुत्वामुळे घडते की नाही, याचा अंतिम निवाडा अनेकदा वर अंतराळात जाऊनच होतो. टेबलावरचे यंत्र प्रश्न धारदार करते, कोणता प्रयोग वर पाठवण्याच्या योग्यतेचा आहे हे ठरवायला मदत करते. त्या निवाड्याची जागा ते घेऊ शकत नाही.

पेशीसंवर्धनात यंत्राची परीक्षा अधिक कठीण असते. हाडांच्या पेशींवर काम करण्याचे कारण उघड आहे: दीर्घ मोहिमांत भार पेलणाऱ्या हाडांची खनिज घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का या गतीने घटते आणि त्यामागे पेशीच्या पातळीवर काय घडते याचा शोध अजून चालू आहे. आम्ही तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशींचे फ्लास्क माध्यमाने, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाने, काठोकाठ भरून मंचावर बसवले. पहिले तीन प्रयोग वाया गेले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फ्लास्कमध्ये वाटाण्याएवढा बुडबुडा फिरताना दिसे आणि त्याच्या मार्गावरील पेशी खरवडल्यासारख्या निघून गेलेल्या असत. बुडबुडा भरताना राहिलेला नव्हता. थंड माध्यमात विरघळलेली हवा ३७ अंशांना तापल्यावर बाहेर पडून तो तयार होत होता. माध्यम आदल्या रात्रीपासून इनक्युबेटरमध्ये ठेवून, झाकण सैल करून, मगच फ्लास्क भरायला सुरुवात केल्यावर ही अडचण संपली. फ्लास्क पूर्ण भरलेला असल्यामुळे पेशींना प्राणवायू मिळण्याचा प्रश्न राहतोच. त्यासाठी वायू आरपार जाऊ देणाऱ्या पडद्याचे भांडे वापरावे लागते आणि ते यंत्रासोबत मिळत नाही. पुस्तिकेत बुडबुड्यांविषयी एकच वाक्य आहे. ज्या गोष्टीमुळे नवख्याचे पहिले दोन महिने जातात तिला किमान एक पान मिळायला हवे.

बुडबुडा नसला तरी भांड्यातील द्रव निश्चल राहत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. चौकटींचा वेग आणि दिशा बदलते तेव्हा द्रव आपल्या जडत्वामुळे मागे राहतो, भांड्याच्या भिंतीलगत प्रवाह तयार होतो आणि चिकटलेल्या पेशींवर त्याचे घासते बल पडते. हाडांच्या पेशी अशा बलाला विशेष संवेदनशील असतात. त्यामुळे एखाद्या जनुकाची क्रिया वाढलेली दिसली तर ती दिशा हरवल्यामुळे वाढली की प्रवाहामुळे, हा प्रश्न प्रत्येक वेळी उभा राहतो. वेगातील बदल सौम्य करण्याची सोय या यंत्रात आहे, ती उत्तम आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून वापरावी. आम्ही मिनिटाला १० फेऱ्यांच्या वर जात नाही. त्या वेगाला फ्लास्कच्या कोपऱ्यात, मध्यापासून ४ सेंटिमीटरवर, केंद्रोत्सारी त्वरण हजारात साडेचार भागांच्या आसपास राहते.

या प्रश्नावर उपाय नियंत्रण-प्रयोगांचा आहे आणि यंत्र निवडताना मी आता सर्वांत आधी त्यांचीच सोय पाहते. फिरणाऱ्या नमुन्याची तुलना शेजारच्या फळीवर शांत ठेवलेल्या नमुन्याशी करून भागत नाही. एक नमुना त्याच इनक्युबेटरमध्ये, यंत्राच्याच पायावर, म्हणजे मोटारीची थरथर आणि उष्णता भोगत पण न फिरता राहिला पाहिजे. दुसरा नमुना उभ्या आसाभोवती तेवढ्याच वेगाने फिरला पाहिजे, कारण त्यात फिरणे, प्रवाह आणि केंद्रोत्सारी बल हे सारे असते आणि फक्त गुरुत्वाची दिशा कायम असते. आडव्या आणि उभ्या आसावरील नमुन्यांत जो फरक उरतो, त्याविषयीच काही बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. या यंत्राचा पाया ९० अंशांत उभा करण्यासाठी बिजागरी जोडता येते, पण ती मूळ संचात नसून वेगळी मागवावी लागते. आम्ही ती सहा महिन्यांनी मागवली आणि आधीच्या सहा महिन्यांतील हाडांच्या पेशींचे निम्मे निष्कर्ष उभ्या आसाच्या तुलनेत टिकले नाहीत. ते आम्ही बाजूला ठेवले. बिजागरीशिवाय हे यंत्र विकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा यंत्रांवर इतका विश्वास का ठेवावा, असा प्रश्न एखाद्याला पडू शकतो. त्याचे उत्तर अंतराळात झालेल्या प्रयोगांशी त्यांचा कुठे मेळ बसला यात आहे. ऑगुस्तो कोगोली यांनी १९८३ मध्ये पहिल्या स्पेसलॅब मोहिमेत माणसाच्या लसिका-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) पाठवल्या आणि त्यांचे उद्दीपन जमिनीवरच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. क्लिनोस्टॅटवर आणि नंतर रँडम पोझिशनिंग मशीनवरही ही घट त्याच दिशेने दिसली. साल्मोनेला जिवाणूंच्या बाबतीत क्रम उलटा होता. नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात विकसित झालेल्या फिरत्या भिंतीच्या संवर्धनपात्रात वाढवलेले जिवाणू उंदरांसाठी अधिक घातक ठरतात हे जमिनीवर आधी दिसले, आणि २००६ मध्ये अटलांटिस यानातून पाठवलेल्या जिवाणूंनी तेच दाखवले. अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या कर्करोगाच्या पेशी रँडम पोझिशनिंग मशीनवर पृष्ठभाग सोडून गोळ्यांच्या रूपात एकत्र येतात, आणि २०११ मध्ये चीनच्या शेनझोउ-८ यानातून गेलेल्या तशाच पेशींनीही गोळे बनवले. हे मेळ आश्वासक आहेत, पण ते प्रत्येक पेशीप्रकारासाठी स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागतात. एका पेशीसाठी यंत्र खरे ठरले म्हणून दुसरीसाठी ते खरे मानता येत नाही. शिवाय वर गेलेल्या नमुन्याला उड्डाणाची थरथर आणि प्रारणही सोसावे लागते, त्यामुळे मेळ न बसणे म्हणजे यंत्राचाच दोष असेही नेहमी नसते.

पदार्थविज्ञानातील सहकाऱ्यांचा अनुभव संमिश्र आहे आणि त्यामागचे तत्त्व सरळ आहे: जी घडामोड फिरण्यापेक्षा सावकाश चालते तिथे यंत्र कामाचे, आणि जी झटपट घडते तिथे निरुपयोगी. ओल्या फेसातून द्रव खाली झिरपायला मिनिटे लागतात. फिरवत राहिले की तो झिरपत नाही आणि फेस बराच काळ एकसारखा राहतो. सिमेंटच्या लगद्यात जड कण खाली बसतात आणि पाणी वर येते. बंद नळीत घट्ट होईपर्यंत फिरवलेल्या लगद्यात हा वरखालीचा फरक उरत नाही आणि कापलेला तुकडा वरपासून खालपर्यंत सारखा दिसतो. अंतराळस्थानकावर घट्ट केलेल्या सिमेंटच्या घटकाविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याची सच्छिद्रता जमिनीवरच्या नमुन्याहून जास्त आढळली होती. आमच्या नमुन्यांची त्याच्याशी थेट तुलना करण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण फिरवताना लगदा थोडासा ढवळलाही जातो आणि अंतराळात घट्ट होताना तो ढवळला जात नाही.

ज्योतीच्या बाबतीत मात्र यंत्राकडून काहीच मिळत नाही. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, म्हणून ज्योत लांबट न राहता गोल आणि निळसर होते. पण क्लिनोस्टॅटवर गरम वायू त्या त्या क्षणी जी बाजू वर असेल तिकडे सेकंदाच्या अंशात धावतो आणि सरासरीची वाट पाहत नाही. वितळलेल्या मिश्रधातूंतील अभिसरणाचेही तेच. अशा प्रश्नांसाठी जर्मनीतील ब्रेमेनच्या १४६ मीटर उंच मनोऱ्यासारखी सोय लागते. तिथे निर्वात नळीत सोडलेले पात्र ४.७४ सेकंद खरोखर मुक्तपणे पडते आणि खालून वर फेकले तर हा काळ ९ सेकंदांच्या थोडा पुढे जातो. परवलयाकार मार्गाने उडणाऱ्या विमानात दर फेरीला सुमारे २२ सेकंद मिळतात, पण त्याच्या आधी आणि नंतर जवळपास १.८ जी इतका भार सोसावा लागतो. साउंडिंग रॉकेट, म्हणजे कक्षेत न जाता उंच जाऊन परत पडणारे छोटे रॉकेट, काही मिनिटे देते. काळ कमी असला तरी या सर्वांतील वजनरहितता खरी असते. टेबलावरच्या यंत्राचे बलस्थान उलट आहे, ते आठवडेच्या आठवडे चालते आणि प्रयोग फसला तर उद्या पुन्हा करता येतो. आम्ही मुळांचा एकच प्रयोग अकरा वेळा केला. वर पाठवायच्या प्रयोगाला बहुधा एकच संधी मिळते.

आता देखभाल. यंत्राची दमट हवेतली सहनशक्ती हा त्याचा कमकुवत भाग आहे. पेशीसंवर्धनाच्या इनक्युबेटरमध्ये हवा जवळपास संपृक्त असते आणि चौदाव्या महिन्यात आतल्या चौकटीची स्लिप रिंग गंजून संवेदकाचे आकडे तुटक येऊ लागले, मग एके रात्री आतली चौकट थांबली आणि बाहेरची तशीच फिरत राहिली. सूचनाघंटा वाजली नाही, कारण यंत्र फक्त मोटारीला वीज जाते की नाही हे पाहते. चौकट खरोखर फिरली का हे ते तपासत नाही. सकाळी आकड्यांची नोंद पाहिली नसती तर दोन आठवड्यांचा प्रयोग चुकीच्या समजुतीवर पुढे गेला असता. सुटा भाग तीन आठवड्यांत आला, बदलण्याची कृती चित्रांसह नीट समजावलेली होती आणि दूरध्वनीवर बोलणाऱ्या तंत्रज्ञाला यंत्राची खडान्खडा माहिती होती. या सेवेविषयी मला मनापासून चांगले सांगावेसे वाटते. त्यांनी सुचवल्यानुसार आम्ही दर दोन महिन्यांनी यंत्र बाहेर काढून दिवसभर कोरडे ठेवतो आणि तेव्हापासून तक्रार आलेली नाही. मोटारींच्या उष्णतेमुळे मंचाजवळचे तापमान इनक्युबेटरच्या नोंदीपेक्षा अर्ध्या अंशाने जास्त भरते, म्हणून तापमापक मंचावरच बसवावा आणि इनक्युबेटर त्यानुसार लावावा.

वनस्पतींवर किंवा तरंगत्या पेशींवर काम करणाऱ्या आणि उभ्या आसाचा नियंत्रण-प्रयोग चालवण्याची तयारी असलेल्या प्रयोगशाळेने हे यंत्र बिजागरीसह जरूर घ्यावे. चिकटून वाढणाऱ्या पेशींसाठी घेणाऱ्याने पहिले सहा महिने केवळ प्रवाह, बुडबुडे आणि तापमान समजून घेण्यासाठी राखून ठेवावेत. ज्वलन, वितळणे किंवा स्फटिकीकरणाचा अभ्यास करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याकडून दोन गोष्टी मागाव्यात: आपल्या भांड्याच्या मापासाठी मध्यापासून कडेपर्यंतच्या केंद्रोत्सारी त्वरणाचा तक्ता आणि संवेदकाच्या एका पूर्ण दिवसाच्या कच्च्या आकड्यांची नोंद. आमच्याकडे सध्या मंचावर मुळांची बारावी खेप आहे, शेजारी उभ्या आसावर तिची जोडीदार बशी आहे आणि पायावर न फिरणारी तिसरी. शुक्रवारी तिन्ही एकाच वेळी उतरवून आयोडिनने रंगवायच्या आहेत.